मोहोळ झाडू नका, हलवा: घरातल्या सातेरीला पेटीत नेण्याची पद्धत

सातेरी म्हणजे अंधाऱ्या पोकळीत राहणारी, पेटीत पाळता येणारी मधमाशी. तिचं मोहोळ झाडणं वेगळं आणि मोहोळ हलवणं वेगळं. झाडताना धूर-जाळ करून माश्या उठवतात आणि पोळी कापून मध घेतात. पिलावा, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोश, तिथेच पडून मरतो. हलवताना जपण्याचा हिशेब उलटा असतो: आधी राणी, मग पिलावा, मग कामकरी माश्या, आणि मध सगळ्यात शेवटी. हा क्रम ज्याला पाळता येतो त्याच्या हातून मोहोळ जगतं. मधाच्या मागे लागलेल्याच्या हातून ते बहुधा मरतं किंवा उडून जातं.

फवारा मारून प्रश्न सुटेल असं वाटत असेल, तर भिंतीच्या आत काय होतं ते आधी समजून घ्या. जिवंत माश्या पंखांनी वारा घालून पोळं थंड ठेवतात. त्या मेल्या की उन्हाळ्यात मेण मऊ पडतं, मध ओघळतो आणि भिंतीला, छताला चिकट डाग येतात. मेलेल्या पिलाव्याचा वास सुटतो. मग मुंग्या, झुरळं, उंदीर आणि मेणकिडा येतो. शिवाय विषारी मध आसपासच्या मोहोळांतल्या माश्या लुटून नेतात आणि त्याही मरतात.

आधी माशी ओळखा

उंच इमारतीच्या सज्जाखाली, पाण्याच्या टाकीला किंवा पुलाला मीटरभर रुंद एकच उघडं पोळं लटकलेलं असेल, तर ती आग्या माशी. तिला हात लावायचा नाही. ती पेटीत राहत नाही, चिडली तर हजारोंनी पाठलाग करते आणि तिच्या हल्ल्यात माणसं दगावतात. आग्या फिरस्ती आहे. फुलोरा संपला की काही महिन्यांत आपणहून निघून जाते. तोवर त्या बाजूच्या खिडक्यांना जाळी लावा, रात्री तिकडचे दिवे बंद ठेवा (ती उजेडाकडे येते), त्या मजल्यावर फटाके, धूर आणि ड्रिलिंग टाळा. शाळा किंवा दवाखान्यासारख्या ठिकाणी थांबणं शक्यच नसेल, तर ते काम प्रशिक्षित पथकाचं. सोसायटीच्या वॉचमनच्या हाती टेंभा देऊन ते होत नाही.

झुडपाच्या फांदीला किंवा गॅलरीच्या गजाला तळहाताएवढं एकच पोळं असेल, तर ती फुलोरी. चौकटीच्या फटीतून राळेची बारीक नळी बाहेर आलेली दिसली आणि तिच्यातून चिलटाएवढ्या काळ्या माश्या ये-जा करत असतील, तर ती बिनडंखाची माशी. या दोघींना राहू द्या. कागदासारखं राखाडी घरटं दिसलं, तर त्या गांधीलमाश्या. ही पद्धत त्यांच्यासाठी नाही.

उरली सातेरी. काळपट पट्ट्यांची, मध्यम आकाराची, अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक समांतर पोळी बांधणारी. जांभ्याच्या भिंतीतली भोकं, माळ्यावरचं कपाट, रोलिंग शटरची पेटी, फॉल्स सीलिंग, बंद पडलेला स्पीकर, पालथं मडकं, विजेच्या मीटरची पेटी, जिथे दहा-पंधरा लिटरची कोरडी पोकळी आणि बोटभर वाट मिळेल तिथे ती राहते. पेटीत पाळता येते ती हीच. फांदीवर नुसता माश्यांचा घोस लटकलेला असेल आणि पोळं नसेल, तर तो वाटेत थांबलेला थवा आहे. तो सहसा दोन-तीन दिवसांत पुढे जातो.

हलवायचं की नाही, आणि कधी

सातेरीचं दार जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूर असेल आणि घरात कुणाला डंखाची तीव्र ॲलर्जी नसेल, तर मोहोळ आहे तिथेच ठेवणं हा सगळ्यात चांगला उपाय. बऱ्याच घरांत वर्षानुवर्षं असंच चालतं. हलवायचंच असेल तर पावसाळ्यात हलवू नका. जून ते सप्टेंबरमध्ये बाहेर खाणं कमी असतं, पोळी तोडल्यावर नवं मेण घालण्याइतकी ताकद मोहोळात नसते, आणि ओल्या हवेत पिलावा गारठतो. ऑक्टोबरपासून पुढे फुलोऱ्याचे महिने चांगले. ऐन मे महिन्यात मधाने भरलेली पोळी हातात फुटतात.

काम ठरवण्याआधी सकाळी दाराशी दहा मिनिटं बसा आणि परत येणाऱ्या माश्यांचे मागचे पाय बघा. पायांवर पिवळ्या-नारिंगी परागाच्या गोळ्या दिसल्या तर आत अळ्या आहेत आणि राणी अंडी घालते आहे. अशा मोहोळाला पिलाव्याची ओढ असते, ते पेटीत टिकतं. तासभर थांबूनही एकही गोळी दिसली नाही, तर मोहोळ नुकतंच आलेलं असेल, राणी गमावलेलं असेल किंवा घर सोडण्याच्या तयारीत असेल. सोडणारं असेल तर ते आपणच जाईल, म्हणून आठवडाभर थांबून पाहा.

तयारी

पेटी सातेरीच्याच मापाची हवी. आयएसआय ‘ए’ प्रकारच्या पेटीतल्या चौकटीचं आतलं माप २१० × १४५ मिलिमीटर असतं. मेलीफेराची (पाळीव युरोपीय मधमाशीची) मोठी पेटी चालत नाही, कारण एवढी पोकळी सातेरीला ऊबदार ठेवता येत नाही. आठ चौकटी घ्या. त्यातल्या सहा रिकाम्या आणि दोन, मिळाल्या तर, जुनं पोळं असलेल्या. नवी पेटी असेल तर आतून मेण चोळा. रंगाचा किंवा व्हार्निशचा वास येत असेल तर पंधरा दिवस उन्हावाऱ्यात ठेवा.

बाकी सामान: जाळीचा बुरखा, कोपरापर्यंतचे हातमोजे, जाड फिक्या रंगाचे कपडे (पायजमा मोज्यात खोचलेला), धुरांडं, पावाची लांब सुरी, पटाशी, मऊ ब्रश किंवा कोंबडीचं मोठं पीस, राणीसाठी छोटा पिंजरा, दाराला लावायचं राणीफाटक (कामकरी जातील पण राणी अडेल अशा फटींची पट्टी), केळीच्या सोपाचे दोरे किंवा साधा सुती दोरा, झाकणाचे दोन डबे, बादलीभर पाणी, ओलं सुती फडकं आणि लाल पारदर्शक कागद गुंडाळलेली बॅटरी. माश्यांना लाल रंग दिसत नाही, त्यामुळे या उजेडात त्या उठून अंगावर येत नाहीत. राणीफाटक सातेरीसाठी बनवलेलंच घ्या. मेलीफेराच्या फाटकाच्या फटी जरा मोठ्या असतात आणि सातेरीची राणी त्यातून निसटू शकते.

धुरांड्यात नारळाच्या शेंड्या, गोणपाट आणि गोवरीचा तुकडा घाला. धूर दाट, पांढरा आणि गार हवा. हाताच्या पाठीवर सोडून बघा, चटका लागला तर वर ओला पाला ठेवा. केळं खाऊन किंवा अत्तर लावून कामाला जाऊ नका. डंखाबरोबर माशी जो इशाऱ्याचा वास सोडते तो पिकल्या केळ्यासारखा असतो.

घरातल्या मुलांना आणि जनावरांना दूर पाठवा. शेजाऱ्यांना सांगून खिडक्या बंद करून घ्या. मीटरच्या पेटीत मोहोळ असेल तर सील तोडू नका. वीज कंपनीच्या माणसाने पुरवठा तोडल्याशिवाय सुरी आत घालायची नाही, कारण मध ओघळून तारांवर जातो. शिडीवर काम असेल तर खाली धरायला दुसरा माणूस हवा, आणि त्याच्याही डोक्यावर बुरखा हवा.

डंख लागला तर नखाने लगेच काढून टाका. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व. श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी उठणं, चक्कर येणं, यातलं काही दिसलं किंवा एकदम खूप डंख झाले, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि थेट दवाखाना गाठा. आधी कधी असा त्रास झालेल्याने हे काम करायचंच नाही.

पोळी काढणं

दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास सुरुवात करा. उजेड पुरतो, काम तासा-दीड तासात उरकतं आणि बाहेर गेलेल्या माश्यांना अंधार पडण्याआधी पेटीत शिरायला वेळ मिळतो. सकाळी तोडलेल्या मोहोळात दिवसभर मधाच्या वासाने मुंग्या आणि परक्या माश्या येत राहतात.

पोळी नेमकी कुठे आहेत ते बाहेरूनच काढा. भिंतीवर टिचकी मारत कान लावा. थंडीतल्या सकाळी हात फिरवला तर पिलाव्याची जागा कोमट लागते, कारण माश्या तिथे ३४-३५ अंश सेल्सियस राखतात. मग फळी किंवा प्लास्टर कडेने उघडा, ऐन मध्यावर घाव घालू नका. दारातून दोन-तीन फुंकर धूर द्या, दोन मिनिटं थांबा, उघडल्यावर आणखी एखादी. सातेरीला एवढा पुरतो. मेलीफेरावर काम केलेले लोक इथेच चुकतात. जास्त धूर दिला की सातेरी पोळ्यावर स्थिर राहत नाही, सैरावैरा पळते, राणी पोकळीच्या टोकाला दडते आणि पुढच्या दोन दिवसांत सगळं मोहोळ उठून जातं.

आता कडेच्या पोळ्यापासून एकेक काढत आत जा. कापण्याआधी प्रत्येक पोळ्याच्या दोन्ही बाजू बघा, राणी तिथे नाही याची खात्री करा आणि माश्या पिसाने पेटीत झाडा. वर मध, त्याखाली परागाचा पट्टा आणि खाली पिलावा अशी पोळ्याची रचना असते. मधाची घरं फिकट मेणाच्या पातळ टोपीने बंद असतात. कामकरी पिलाव्याच्या टोप्या तपकिरी, जराशा फुगीर आणि कोरड्या दिसतात. नरांच्या टोप्या मोठ्या आणि उंच असतात, आणि सातेरीत त्यांच्या मधोमध सुईने टोचल्यासारखं एक छिद्र असतं. नवखे लोक त्याला रोग समजून ते पोळं फेकून देतात. तो रोग नाही.

मधाचा वरचा पट्टा कापून वेगळा करा आणि झाकणाच्या डब्यात टाका. तो चौकटीत बांधू नका. जड असल्याने ढासळतो, खालचा पिलावा चिरडतो, आणि ओघळलेल्या मधात माश्या बुडतात. पिलाव्याचा भाग चौकटीत बसेल असा कापा, वरची कड सरळ ठेवा. पोळं वर-खाली उलटू देऊ नका. घरांची तोंडं जराशी वर कललेली असतात, उलटं बांधलं तर अळ्यांचं खाणं आणि अंडी निसटतात. वरची कड चौकटीच्या वरच्या पट्टीला टेकवून दोन-तीन ठिकाणी दोरा गुंडाळा. घट्ट ओढलात तर दोरा मेणात रुततो. पोळं हललं नाही म्हणजे पुरे. चार-पाच दिवसांत माश्या ते मेणाने चिकटवतात आणि दोरा कुरतडून दारातून बाहेर टाकतात. तो दोरा तळपाटाखाली पडलेला दिसला की काम नीट झालं.

बांधलेल्या चौकटी पेटीत जवळजवळ लावा, जास्त पिलाव्याच्या मध्ये, परागाच्या कडेला. बांधेपर्यंत बाहेर असलेल्या पोळ्यावर ओलं फडकं टाका. अळ्या उन्हात काही मिनिटांत सुकतात.

राणी

शेवटची दोन-तीन पोळी आणि पोकळीचा वरचा अंधारा कोपरा, राणी बहुतेक इथेच सापडते. ती काळपट-तांबूस असते, पोट पंखांच्या बरंच बाहेर लांबलेलं, चाल झपाझप. पोट चिमटीत धरू नका. पिंजऱ्याचं तोंड तिच्यापुढे धरा, मागून पिसाने हळूच लोटा, बरोबर चार-सहा कामकरी गेल्या तर चांगलंच. पिंजरा पिलाव्याच्या दोन चौकटींमध्ये अडकवा.

पोळी काढल्यावर उरलेल्या माश्या पोकळीच्या छताला घोस करून लटकतात. माश्या वर आणि अंधारात चढतात हे लक्षात ठेवा. जागा असेल तर पिलाव्याची एक चौकट घातलेली पेटी घोसाच्या वर, खालचं तोंड उघडं ठेवून धरा आणि खालून एक फुंकर धूर द्या. रांग लावून त्या आत जातात. जागा नसेल तर ओगराळ्याने किंवा पुठ्ठ्याच्या पन्हळीने भरून पेटीत अलगद ओता. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका, आपटून आणि एकमेकींच्या मधात भिजून माश्या मरतात.

राणी सापडली नाही तर घाबरून जाऊ नका. पेटी जुन्या दाराला टेकवून ठेवा आणि पाच मिनिटं बघा. पेटीच्या तोंडाशी माश्या पोट वर करून, डोकं खाली घालून पंख फडफडवू लागल्या आणि बाकीच्या तिकडे चालू लागल्या, तर राणी आत आहे. उलट पेटीतून निघून त्या पुन्हा भिंतीतल्या एका कोपऱ्यात जमत असतील, तर ती त्या कोपऱ्यात आहे. तिथला घोस पुन्हा भरा.

संध्याकाळ आणि वाट

पेटीचं दार जुन्या दाराच्या जागी येईल असं ठेवा, जुनी पोकळी फडकं कोंबून बंद करा आणि बाजूला व्हा. अंधार पडेपर्यंत बाहेरच्या माश्या परततील. आठच्या सुमाराला दार जाळीने बंद करा. हवा खेळली पाहिजे, नाहीतर दाटीत गुदमरून मोहोळ सकाळपर्यंत खलास होतं.

नवी जागा दोन-तीन किलोमीटरपेक्षा जवळ असेल, तर बाहेर फिरणाऱ्या माश्या वाट ओळखून जुन्या भिंतीवर परततात आणि तिथेच मरतात. म्हणून किमान तीन किलोमीटर दूर न्या, रात्री किंवा पहाटे. गाडीत चौकटींची लांबी गाडीच्या दिशेला असू द्या, म्हणजे ब्रेक लागला तरी पोळी एकमेकींवर आदळत नाहीत. आपल्याच परसात ठेवायची असेल, तर पेटी आधी जुन्या दारासमोर ठेवा आणि रोज हातभर सरकवत न्या.

पेटी सावलीत, पूर्वेकडे तोंड करून, गुडघाभर उंच स्टँडवर ठेवा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करा. मुंग्यांनी पळवून लावलेली मोहोळं थोडी नाहीत.

पुढचे दहा दिवस

सातेरीची खोड म्हणजे घर सोडणं. दार दोन बोटांएवढं लहान करा आणि राणीफाटक लावा. राणीला तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यातून सोडा. परागाच्या गोळ्या येऊ लागल्या की फाटक काढून टाका. ते आठवडाभर ठेवलं तर नर आत अडकून दार तुंबतं, आणि नवी राणी तयार झाली असेल तर ती मीलनाला बाहेर पडू शकत नाही.

पहिले पाच-सात दिवस, सूर्य मावळल्यावर, साखर आणि पाणी समान वजनाने विरघळवून रोज पाव लिटर पाक आत ठेवा. वाटीत सुकं गवत टाका, म्हणजे माश्या बुडत नाहीत. गूळ देऊ नका, माश्यांना हगवण लागते. दिवसा पाक ठेवला किंवा बाहेर सांडला, तर परक्या माश्या लुटायला येतात. दाराशी कुस्ती आणि मेलेल्या माश्या दिसल्या तर दार एका माशीपुरतं करा. डब्यातला मध गाळून घ्या. मोहोळ अशक्त असेल तर त्यातलाच थोडा त्यांना परत द्या, त्यांच्यासाठी त्यापेक्षा चांगलं खाणं नाही.

पाक ठेवणं आणि राणी सोडणं एवढं सोडलं तर पहिले तीन दिवस पेटी उघडू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी फक्त वरून डोकावून पोळी चिकटली का बघा, ढासळलेलं पोळं काढून टाका. दहाव्या दिवशी एक पिलाव्याची चौकट उन्हाकडे पाठ करून धरा, म्हणजे ऊन खांद्यावरून घरांच्या तळाशी पडतं. प्रत्येक घराच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखं एकेकच अंडं दिसलं तर राणी कामाला लागली. एका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, असतील तर राणी नाही आणि कामकरी अंडी घालताहेत. अशा मोहोळाला दुसऱ्या पेटीतून अंड्यांची चौकट द्या किंवा ते दुसऱ्या मोहोळात मिसळा. शेंगदाण्यासारखी लटकणारी राणीघरं दिसली, तर जुनी राणी हलवताना गेली आणि माश्यांनी नवी घडवायला घेतली आहे. त्यांना तीन आठवडे निवांत राहू द्या.

हे सगळं पहिल्यांदाच करणाऱ्याने एकट्याने करू नये. महाबळेश्वरचं मध संचालनालय आणि पुण्यातली, १९६२ साली सुरू झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था इथे मधपाळांचं प्रशिक्षण होतं. तिथे शिकलेल्या एखाद्या मधपाळाबरोबर दोन मोहोळं हलवा, मग तिसऱ्याला स्वतः हात घाला.

जुनी भिंत

मेणाचा वास राहिला तर पुढच्या हंगामात नवा थवा त्याच भोकात येतो. पटाशीने मेण खरवडा, गरम साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा, वाळू द्या, वर चुना फिरवा. नुसतं तोंड बुजवून आत पोकळी ठेवू नका, विटेचे तुकडे आणि मसाला घालून भरून टाका. हवेसाठी मोकळी ठेवावी लागणारी जागा असेल तर तीन मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी ठोका. आणि खरवडलेलं ते मेण टाकू नका. रिकाम्या पेटीला आतून चोळून ती जानेवारी ते मार्चच्या फुलोऱ्यात गच्चीच्या सावलीत, आठ-दहा फूट उंच टांगून ठेवा. थवा आला तर भिंत शोधण्याआधी पेटीत शिरेल, आणि मग ना सुरी लागेल ना धूर.